दुखणं खरं माना, औषध तपासून घ्या

लाइम या आजाराचा पहिला माग प्रयोगशाळेत नव्हे, एका घरातल्या नोंदींमध्ये लागला. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम ही शेजारशेजारची गावं आहेत. तिथल्या पॉली मरे या चित्रकार बाई १९६०च्या दशकापासून स्वतःची, नवऱ्याची आणि मुलांची दुखणी टिपून ठेवत होत्या. सुजलेले गुडघे, अंगावरचे चट्टे, ताप, न सरणारा थकवा. तपासण्यांत काही निघत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं मनाचे खेळ ठरवल्या. १९७५मध्ये त्यांनी आणि ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या एका आईनं आरोग्य खात्याला कळवलं, की आसपासच्या कितीतरी मुलांचे सांधे सुजत आहेत. तेव्हा कुठे येल विद्यापीठातले डॉ. ॲलन स्टीअर तपासाला लागले आणि १९७७मध्ये ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतू सापडायला १९८१ साल उजाडलं. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना तो गोचिडीच्या आतड्यात दिसला. कारण हाती लागण्याच्या कितीतरी आधी दुखणं खरं होतं, आणि ते घरातल्या माणसाला ठाऊक होतं.

पन्नास वर्षांनंतरही लाइमच्या रुग्णासोबत राहणाऱ्या नवऱ्यासमोर किंवा बायकोसमोर हाच पेच उभा राहतो. रिपोर्ट चांगला आलाय आणि माणूस तर अंथरुणातून उठत नाही, मग खरं कशाला मानायचं? माझं म्हणणं असं, की जोडीदाराला इथं दोन कामं करायची असतात आणि ती एकमेकांत मिसळू देऊन चालत नाही. दुखणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा, आणि त्या दुखण्यावर उपाय म्हणून जे जे पुढे येईल त्याच्याकडे पुरावा मागायचा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार तिथं वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांना लाइमचं निदान होऊन उपचार मिळतात. यातला मोठा वाटा ईशान्येकडच्या राज्यांचा, आणि त्यातल्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. म्हणजे हा प्रश्न अनेकांच्या लेकी-सुनांच्या, मुला-जावयांच्या घरातला आहे.

विश्वास ही इथं नुसती भावनेची बाब नाही, निदानातच तिचा उपयोग आहे. हा आजार पसरवणारी अर्धवट वाढलेली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती चावलेली कळत नाही, आणि ती चिकटते काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांच्या अंगावर तीन ते तीस दिवसांत एक चट्टा उठतो. तो फारसा दुखत नाही, खाजतही नाही, फक्त दिवसागणिक पसरत जातो. पाठीवर असला तर ज्याचा त्याला दिसणार नाही. दिसेल तो सोबतच्या माणसाला. शिवाय पुस्तकांतून छापली जाणारी या चट्ट्याची चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीवरची असतात. सावळ्या कातडीवर तो लालभडक न दिसता मुका मार लागल्यासारखा काळपट दिसू शकतो. गोल कडेमुळे आपल्या नजरेला तो नायटा वाटणंही सोपं आहे. मग घरातलं मलम लागतं आणि मोलाचे आठवडे जातात. रक्ततपासणी प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे सुरुवातीचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नाही, असं होत नाही. जिथं लाइम सर्रास आढळतो त्या भागात नुसता चट्टा पाहूनही डॉक्टर औषध सुरू करतात. अशा वेळी जोडीदारानं रोज काढलेला, तारीख असलेला फोटो तपासणीइतकाच कामाचा ठरतो. उन्हाळ्यात न्यू जर्सीत बागकाम करून जुलैत पुण्याला आलेल्या माणसाला ताप आला, तर इथले डॉक्टर आधी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड पाहतील आणि ते योग्यच आहे. पण ‘तीन आठवड्यांपूर्वी मांडीवर हे उठलं होतं’ हे सांगणारं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीत माकडतापानं गोचिडीची भीती घातली आहे. इतरत्र मात्र गोचीड म्हणजे गुराढोरांची बाब, अशीच आपली समजूत असते.

वेळेवर निदान झालं तर बहुतेक रुग्ण डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांच्या दहा ते चौदा दिवसांच्या कोर्सनं बरे होतात. उशीर झाला तर सांधे, चेहऱ्याच्या नसा, क्वचित हृदयही कचाट्यात सापडतं आणि उपचार लांबतात. खरी परीक्षा त्यानंतरची. पुरेसे उपचार होऊनही पाच ते दहा टक्के लोकांचा थकवा, अंगदुखी, विस्मरण सहा महिन्यांहून अधिक काळ टिकतं. हळूहळू बहुतेकांना बरं वाटतं, पण त्यात कित्येक महिने जातात. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक आहे, विशेषतः बाईनं काढलं तर. औषध संपलं, रिपोर्ट झाले, ‘दिसतेस तर चांगली’ हे वाक्य फोनवरून आणि समोरून येऊ लागलं की ती पुन्हा ओट्याशी उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी आडवी होते. नवरा आजारी असला तर घर त्याच्याभोवती आपसूक फिरतं. बायको आजारी असली तर घर थांबल्याची तक्रार सुरू होते, आणि या फरकाकडे डोळेझाक करून आधाराच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. २००१मध्ये अमेरिकेत मार्क क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी उपचारांनंतरही त्रास टिकलेल्या १२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची शारीरिक अवस्था हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांच्या तोडीची असल्याचं त्यात दिसलं. हे आळसाचं वर्णन नव्हे.

त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितक्याच गांभीर्यानं घ्यायला हवा. या रुग्णांपैकी काहींना तीस दिवस शिरेतून आणि पुढे साठ दिवस तोंडावाटे अँटिबायोटिक दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली नकली मात्रा. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. २०१६मध्ये नेदरलँड्समधल्या २८० रुग्णांच्या चाचणीतही जास्तीच्या बारा आठवड्यांच्या औषधानं जगणं अधिक सुसह्य झालं नाही. उलट सीडीसीनं २०१७मध्ये अशा लांबलेल्या उपचारांतून गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात मृत्यूही होते. तरीही महिनोन्महिने सलाइनमधून अँटिबायोटिक देणारे, विम्यात न बसणाऱ्या महागड्या तपासण्या करायला लावणारे दवाखाने चालतात, कारण तिथं रुग्णाला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणतं, ‘तुमचं दुखणं खरं आहे.’ घरात जे मिळालं नाही ते तिथं विकत मिळतं. म्हणून मला जोडीदाराचा विश्वास हाच फसव्या उपचारांपासूनचा सर्वांत भक्कम आडोसा वाटतो. ज्याला घरात पुरावा द्यावा लागत नाही, त्याला पुरावा विकत घ्यायला जावं लागत नाही.

यावर एक आक्षेप असा, की तपासणीत काही नसताना तक्रारींना मान दिला तर त्या वाढतात. आक्षेप पोकळ नाही. दीर्घ वेदनेच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत असं आढळलं आहे, की जोडीदार दर वेळी धावून हातातलं काम काढून घेत असेल, तिथं रुग्णाची हालचालही कमी असते. पण हा पुरावा अति जपण्याविषयीचा आहे, विश्वासाविषयीचा नाही. ‘तुला थकवा आलाय हे मी जाणतो, आज कोपऱ्यापर्यंतच चालून येऊ’ यात दोन्ही आलं. संशय घेतला की रुग्णाची शक्ती दुखणं सिद्ध करण्यात जाते, बरं होण्यासाठी काही उरत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. पॉली मरेंना झिडकारणारे डॉक्टर चुकले होते, मग दीर्घकाळ अँटिबायोटिक द्यायला नाकारणारे आजचे डॉक्टर बरोबर कशावरून? याचं उत्तर मरेंच्याच हकिकतीत आहे. त्यांच्या म्हणण्याची तपासणी झालीच नव्हती. झाली तेव्हा ते खरं निघालं. लांब उपचारांचा दावा मात्र नीट आखलेल्या चाचण्यांत एकाहून अधिक वेळा तपासला गेला आणि टिकला नाही. बाईचं सांगणं ऐकून न घेणं ही तेव्हाची चूक होती, आणि तपासून खोटं ठरलेलं औषध तिच्या शिरेत सोडणं ही आजची चूक ठरेल. उपचारांनंतर महिनोन्महिने, कधी वर्षंही, रक्तात प्रतिपिंडं राहतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारा पॉझिटिव्ह रिपोर्ट जंतू जिवंत असल्याचा पुरावा नसतो, हे जोडीदारानं डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावं. थायरॉइड, रक्तक्षय, झोपेतला श्वासाचा अडथळा, नैराश्य यांपैकी काही सोबतीला आहे का, हा प्रश्न विचारणंही त्याच्याच वाट्याला येतं, कारण थकलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या भेटीत सगळं आठवत नाही.

अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबात या आजारपणाला आणखी एक कडा आहे. नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते, म्हणून आजारी माणूस आजार लपवून कामावर जातो. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराला कामाची परवानगी नसेल तर दुसरा पगारही नाही. १९९३च्या अमेरिकी कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षभर पुरेसे तास काम केलेल्याला स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या गंभीर आजारासाठी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळू शकते, नोकरी राखून. न्यू जर्सीत अशा काळात पगाराचा काही भाग देणारी राज्याची विमा योजनाही आहे. ही रजा सलगच घ्यावी लागते असं नाही; वैद्यकीय गरज असेल तर एकेक दिवस, काही तासही घेता येतात, आणि सांगून न येणाऱ्या थकव्याला तेच सोयीचं. कंपनी त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागू शकते. चट्ट्याचे फोटो आणि तारखांची वही घेऊन ज्या दिवशी दोघं दवाखान्यात जातील, त्याच दिवशी त्या प्रमाणपत्राचा कोरा फॉर्मही सोबत न्यावा.