तिसऱ्या घंटेआधी

नाटकाची तिसरी घंटा होते, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते आणि पडदा उघडतो. आग लागली तर बाहेर कुठून पडायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. ते दार कुलूपबंद तर नाही ना, हे विचारायला प्रेक्षकही जात नाहीत.

१३ जून १९९७. दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ चालू होता. तळमजल्यावरचा ट्रान्सफॉर्मर सकाळीच एकदा पेटला होता. जुजबी दुरुस्ती करून तो पुन्हा चालू केलेला. पाचच्या सुमारास तो पुन्हा पेटला, तेल सांडले, वाहनतळातल्या गाड्यांनी पेट घेतला. वर पोहोचला तो धूर. खालचे प्रेक्षक निसटले, बाल्कनीतले अडकले. तिथे जादा खुर्च्यांपायी एक वाटच बंद केलेली, दाराला कडी, दिवे गेलेले आणि 'बाहेर पडा' म्हणणारे कोणी नाही. ५९ जण दगावले. मुंबईत कमला मिल आवारातल्या पबच्या आगीतही (डिसेंबर २०१७) बाहेरची वाट न मिळालेल्या अनेकांचे मृतदेह स्वच्छतागृहात सापडले.

याउलट घडले एडिनबरोत. ९ मे १९११ रोजी एम्पायर पॅलेस थिएटरात जादूगार लाफायेतचा रंगमंच पेटला. सुरक्षा पडदा खाली आला आणि वादकांनी राष्ट्रगीत सुरू केले. ते वाजले की खेळ संपला, उठायचे, ही तेव्हाची रीत. सुमारे तीन हजार प्रेक्षक काही मिनिटांत सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र लाफायेत आणि त्याचे सहकारी गेले. जादूची गुपिते फुटू नयेत म्हणून तिकडची दारे बंद ठेवली होती, असे सांगतात.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. पण शनिवारी रात्री फुकटे घुसू नयेत म्हणून लावलेले कुलूप त्या कागदावर कसे उमटणार? म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी व्यवस्थापकाने दारे स्वतः उघडून पाहावीत, नोंदवहीत सही करावी आणि ती पाहिल्याशिवाय तिसरी घंटा देऊ नये. निर्माते हट्ट धरतील तर हे महिनाभरात अंगवळणी पडेल. त्यासाठी निविदाही काढावी लागणार नाही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह भस्मसात झाले. आत प्रेक्षक नव्हते म्हणून जीवितहानी टळली. सुदैवच म्हणायचे. गेल्या डिसेंबरात, २०२५ साली, गोव्यातल्या हडफडे येथील नाइटक्लबला हे सुदैव लाभले नाही. तिथल्या २५ मृतांमध्ये बहुतेक जण कर्मचारी होते, त्यातले कित्येक तळघरातल्या स्वयंपाकघराकडे अडकलेले. बाहेर पडण्याचा सराव घ्यायचा तर तो आचारी, सफाई कामगार, पडदा ओढणारे आणि दारावरचे कर्मचारी यांच्यापासून सुरू करावा, आणि तोही भर गर्दीच्या वेळी, दिवे मालवून.