हाताला काम द्या!

नरकचतुर्दशीची पहाट. भंडाऱ्याच्या घरी मी पाटावर बसलेली, आई डोक्याला तेल चोळतेय. एरवी पुण्याच्या फ्लॅटवर कसलं अभ्यंग नि कसलं उटणं! डोळे मिटून मस्त एन्जॉय करत होते. तेवढ्यात आईचा हात थांबला.

'काय झालं वं हे? इथं केसच नाहीत!'

टाळूवर नाण्याएवढा चट्टा. आईचं निदान तयार होतं, चाई! दुपारपर्यंत शेजारच्या काकू कांद्याचा रस चोळायला सांगून गेल्या. मी गप्प. कारण ते केस गळले नव्हते, मीच उपटले होते. रोज, एकेक करून, दीड वर्षं.

थांबा, पान उलटू नका! डेडलाइन डोक्यावर असताना तुमचा हात कुठे असतो? नखं कुरतडण्यात? ओठांची सालं काढण्यात? माझा केसांत असायचा. समोर एक्सेल उघडी आणि बोटं एखादा खरखरीत केस शोधताहेत. सापडला की ओढायचा. क्षणभर बरं वाटायचं. मग कीबोर्डवरचे केस डस्टबिनमध्ये, आणि स्वतःचाच भयंकर राग. 'डोक्याचे केस उपटावेसे वाटतात' असं आपण वैतागून म्हणतो ना? पण माझा हात तर निवांत टीव्ही बघतानाही जायचा. कधी गेला तेच कळायचं नाही.

भाऊबीज झाल्यावर आईने स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. चाईचा चट्टा सहसा गुळगुळीत असतो. माझ्या चट्ट्यात मात्र लहान-मोठे तुटके खुंट होते. आईला बाहेर बसवून त्यांनी हळूच विचारलं, 'हात जातो का गं केसांकडे?' मी रडायलाच लागले. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

याला नाव आहे, ट्रायकोटिलोमेनिया. आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने ते 1889 मध्ये दिलं. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो ओसीडीच्या कुटुंबात बसतो. 2020 मध्ये तिकडे प्रसिद्ध झालेल्या सुमारे 10 हजार जणांच्या पाहणीत शंभरात साधारण दोघांना हा त्रास निघाला. म्हणजे मी वेडीही नव्हते आणि एकटीही नव्हते!

डॉक्टरांनी नागपूरच्या सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. साठेक किलोमीटरचा रस्ता, पण एसटीत आई गप्पच. मौदा मागे पडल्यावर म्हणाली, 'मी ओरडली असती म्हणून नाही सांगितलं का?' मला उत्तर सुचलं नाही. कारण उत्तर 'हो' होतं.

मला वाटलं होतं, आता 'मन घट्ट कर'चं लेक्चर मिळणार. मिळाला होमवर्क! हॅबिट रिव्हर्सल ही पद्धत नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी 1973 मध्ये मांडली. आधी डायरी लिहायची. हात कधी जातो, कुठे बसलेली असताना, मनात काय असताना. आठवड्यात कळलं, माझं रात्री अकरानंतर बिघडतं, लॅपटॉप मांडीवर असताना. मग हात निघाला की मूठ आवळायची आणि ओढ ओसरेपर्यंत, मिनिटभर तरी, तशीच धरायची. बोटांच्या टोकांना बँडेडची पट्टी, घरात डोक्याला रुमाल. हाताला नुसतं 'जाऊ नको' म्हणून भागत नाही, दुसरं काम द्यावं लागतं.

गोळ्यांचं काय? या त्रासासाठीच असं मान्यता मिळालेलं औषध नाही. एन-ॲसिटिलसिस्टीनची 2009 मध्ये 50 मोठ्या माणसांवर चाचणी झाली. बारा आठवड्यांत ते घेणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांना फरक पडला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 16 टक्क्यांना. लहान मुलांवरच्या 2013 च्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही. तेव्हा केमिस्टकडे धावू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कुणी उपटलेले केस गिळत असेल, तर अजिबात लपवू नका. पोटात त्यांचा गोळा होतो, कधी ऑपरेशनची वेळ येते. कुणाकडे जायचं कळत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मी शंभर टक्के बरी झालेय? नाही. अप्रेझलच्या आठवड्यात हात पुन्हा गेलाच. पण डायरीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ आवळली. चट्ट्यावर आता टूथब्रशसारखे केस उभे आहेत. कितीही विंचरा, बसत नाहीत. मला भारी आवडतात!

फोनवर बोलताना हात डोक्याकडे जातो, हे मीच आईला सांगितलं. आता रोज रात्री तिचा पहिला प्रश्न, 'जेवली का?' नसतो.

'हातात काय आहे वं?'

'लसूण सोलून राहिली, आई.'

रूममेट खूष आहे. पुढच्या पंधरा दिवसांच्या फोडणीची सोय झालीये!