यादवीच्या ऐन भरात खाली ठेवलेली बंदूक

मे १९२२ मध्ये आयर्लंडच्या किल्डेअर येथील छावणीत नव्या पोलीस दलाच्या जवानांनीच बंड केले. ‘सिव्हिक गार्ड’ हे दल स्थापन होऊन जेमतेम तीन महिने होत होते. बहुतेक जवान स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, आणि त्यांच्यावर अधिकारी नेमले गेले ते ब्रिटिशांच्या जुन्या पोलीस दलातले. जवानांनी शस्त्रागार ताब्यात घेतले. आयुक्त मायकेल स्टेन्स यांना छावणी सोडावी लागली.

हा संताप पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. १८३६ मध्ये एकत्र बांधलेल्या आयरिश काँस्टॅब्युलरीचे, म्हणजे त्याच जुन्या दलाचे, शिपाई बराकीत राहत, बंदूक बाळगत आणि स्वतःच्या काउंटीत त्यांची नेमणूक होत नसे. गावाशी त्यांचे नाते जडू नये, हाच हेतू. जमीनदार कुळांना घराबाहेर काढत तेव्हा बंदोबस्ताला हेच शिपाई उभे असत.

महाराष्ट्राचा या दलाशी थेट संबंध आहे. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथले पोलीस दल याच आयरिश नमुन्यावर उभे केले. १८५३ मध्ये मुंबई इलाख्याने तो कित्ता गिरवला आणि पुढे १८६१ च्या पोलीस कायद्याने ही घडी देशभर बसवली.

किल्डेअरच्या बंडानंतर चौकशी झाली आणि तिच्या अहवालातून अजब वाटावी अशी शिफारस आली: दल नव्याने उभारावे आणि ते निःशस्त्र असावे. तोवर जूनमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले होते. अशा वेळी कोणतेही सरकार पोलिसांच्या हाती जास्त बंदुका देईल. आयरिश सरकारने त्या काढून घेतल्या. लढाई सैन्याने लढावी आणि पोलिसांनी लोकांत राहावे, ही विभागणी त्याने प्रत्यक्षात आणली.

किंमतही लगेच मोजावी लागली. नोव्हेंबर १९२२ मध्ये हेन्री फेलन हा तरुण गार्ड हर्लिंग खेळाच्या काठ्या आणायला टिपररीतील मलिनाहोनच्या दुकानात गेला असताना गोळीबारात ठार झाला. मारला गेलेला हा दलातला पहिला जवान. तरीही धोरण बदलले नाही. १९२३ मध्ये दलाला ‘गार्डा शीखाना’ हे नाव मिळाले, १९२५ मध्ये डब्लिनचे वेगळे पोलीस दल त्यात विलीन झाले आणि देशाला एकच राष्ट्रीय दल लाभले. विशेष पथके आणि गुप्तहेर शाखा सशस्त्र असल्या, तरी गणवेशातील गार्ड आजही साधारणपणे बंदुकीविना गस्त घालतो.

अर्थात, बंदूक नसली म्हणून सत्तेचा गैरवापर टळत नाही. डोनेगल काउंटीत काही गार्डांनी निरपराधांना खोट्या गुन्ह्यांत गोवल्याचे न्यायमूर्ती मॉरिस यांच्या आयोगासमोर उघड झाले. मग २००५ च्या कायद्याने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि २०१६ मध्ये कारभारावर देखरेख ठेवणारे प्राधिकरणही आले. स्थापनेनंतर ८० वर्षांनी का होईना, दलाची झाडाझडती त्या देशाने टाळली नाही.

भारतात निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांनी पोलीस सुधारणांसाठी १९९६ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला. पोलीस महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण, असे हे स्पष्ट निर्देश. अनेक राज्यांनी त्यांतले काही सोयीने वाकवून घेतले, काही नुसते कागदावर ठेवले. परिस्थिती निवळली की सुधारणा करू, ही सबब आयर्लंडच्या अनुभवापुढे टिकत नाही. तिथे परिस्थिती सर्वांत बिकट होती तेव्हाच पाया घातला गेला. महाराष्ट्राने निदान जिल्हा पातळीवरच्या तक्रार प्राधिकरणापासून सुरुवात करावी. कोठडीत झालेल्या मारहाणीची दाद मागायला गडचिरोलीतल्या माणसाला मुंबई गाठावी लागू नये. त्याची तक्रार त्याच्याच जिल्ह्यात, पोलिसांच्या हाताखाली नसलेल्या माणसांनी ऐकली पाहिजे.