रथाला हार, पण लगाम?

विजयादशमीस आपण शस्त्रांबरोबर वाहनांचीही पूजा करतो. वालीवला कीर्तनासाठी येताना महामार्गालगत झेंडूच्या माळा ल्यालेले टेम्पो पाहून आम्ही संतोष पावतो. परंतु चालकाच्या खांद्याशी पट्टा नुसताच लोंबताना दिसतो, तेव्हा चित्त खिन्न होते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी, ऐन गणेशोत्सवात, याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. उदवाड्याहून ते परतत होते. मागील आसनांवरील दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही गेले. पुढील दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मोटार थांबते, देह मात्र त्याच वेगाने पुढे जातो. आणि वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो.

यात्रेचा टेम्पो उलटतो, तोही केवळ दैवाने नव्हे. माणसे उभी राहिली की भार वर चढतो आणि वळणावर तोल सुटतो. मालवाहू वाहनात भाविक भरणे कायद्यास मंजूर नाही. मागे बसणाऱ्यासही पट्टा सक्तीचा आहे.

कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे. लगाम सोडून रथाला हार घालणे, ही कसली पूजा? सज्जनहो, यंदा नारळ वाढविल्यावर प्रथम पट्टा बांधा, वेग आवरा. उशीर झाला म्हणून देव रागावत नाही. घरी मात्र दिवा लावून कोणी वाट पाहत असते.