वाऱ्याची भागीदारी

व्यापारी घरांतील तरुण पिढीच्या पहाटेचे वेळापत्रक गेल्या काही वर्षांत पालटले आहे. दुकान उघडण्यापूर्वीचे दोन-तीन तास पूर्वी प्रक्षाल, पूजा आणि व्याख्यान यांचे असत. आता पोहण्याचा तलाव, सायकल आणि धावण्याचा रस्ता यांनीही त्यांत वाटा मागितला आहे. ट्रायथलॉन हा शब्द कालपर्यंत अपरिचित होता. आज अनेक घरांत त्याचे पदक दिवाणखान्यात टांगलेले दिसते. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र एकट्याने कमावलेले बळ घेऊन हा तरुण जेव्हा गावातील सायकलस्वारांच्या गटात प्रथमच सामील होतो, तेव्हा त्याला काही रीतीभाती नव्याने शिकाव्या लागतात. त्या कोणी सांगितल्या नाहीत, तर त्याचा मनस्ताप दोन्ही बाजूंना होतो आणि कधीकधी हाडेही मोडतात.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक करणे म्हणजे ट्रायथलॉन. 1978 साली हवाई बेटांवर आयर्नमॅन स्पर्धा प्रथम झाली. पोहणारा, धावणारा आणि सायकलस्वार यांपैकी अधिक काटक कोण, या वादातून ती निघाली. तिच्यात 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे असते. याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा 2019 पासून गोव्यातही होऊ लागली आणि महाराष्ट्रातील हौशी मंडळींना परदेशी जाण्याची गरज उरली नाही. पणजीच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहून, 90 किलोमीटर सायकल चालवून शेवटी 21.1 किलोमीटर धावणे, हे आता पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील कितीतरी दुकानदार, डॉक्टर आणि सनदी लेखापाल यांचे वर्षाचे उद्दिष्ट झाले आहे.

या दीर्घ अंतराच्या स्पर्धांचा एक नियम ध्यानात घेतला, म्हणजे पुढील सारा घोटाळा उलगडतो. सायकलच्या टप्प्यात पुढच्या स्पर्धकाच्या मागे लागून वाऱ्याचा आडोसा घेणे तेथे निषिद्ध आहे. दोन सायकलींमध्ये सुमारे 12 मीटर अंतर राखावे लागते. ते मोडणाऱ्याला दंड म्हणून काही मिनिटे थांबवून ठेवतात. सायकल नादुरुस्त झाली तर प्रेक्षकांतील आप्तेष्टाने मदतीला धावूनही चालत नाही. आपला वारा आपण फोडावा आणि आपले पंक्चर आपण काढावे, ही त्या स्पर्धेची शिस्त. साहजिकच तिची तयारी करणारा मनुष्य महिनोन् महिने एकटा सायकल चालवतो. त्याची नजर रस्त्यापेक्षा हँडलवरील आकड्यांकडे अधिक असते. यात त्याचा दोष नाही. त्याच्या खेळानेच त्याला तसे घडवले आहे.

गटाची रीत नेमकी उलट आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ वारा फोडण्यात खर्च होते. पुढच्या चाकामागे हात-दोन हात अंतर ठेवून चालणाऱ्याला चतुर्थांशाहून अधिक श्रम वाचतात. म्हणून गटातील प्रत्येक जण थोडा वेळ पुढे येतो, सर्वांसाठी वारा अंगावर घेतो आणि दमण्यापूर्वी बाजूला सरून मागे जातो. मग दुसरा पुढे येतो. ही एक भागीदारीच आहे. तिच्यात प्रत्येकाचे भांडवल सारखे नसते. कोणी दहा मिनिटे पुढे राहतो, कोणी दोनच. पण मेळ सर्वांचा मिळून बसतो, आणि एकट्याला न झेपणारे अंतर गटाला झेपते.

नाशिककरांना हे निराळे सांगावे लागू नये. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या तेथील बंधूंनी 2015 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक सायकलवर असे तेव्हा दुसरा विश्रांती घेई. दोघांनी भार वाटून घेतला, म्हणूनच ती मजल गाठता आली.

आता प्रत्यक्ष रीतींकडे वळू. पहिली रीत घर सोडण्यापूर्वीची आहे. गटप्रमुखाला आदल्या दिवशी कळवून अंतर, वेग आणि थांबे विचारून घ्यावेत, आणि आपणास गटाचा सराव नाही हेही मोकळेपणाने सांगावे. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, जादा ट्यूब आणि हवेचा पंप स्वतःचा असावा. पहिल्या दिवशी गटाच्या मागील बाजूस राहून या मंडळींची पद्धत पाहावी. नव्या पेढीवर बसणारा मुलगा पहिल्याच दिवशी भाव ठरवायला जात नाही. आधी खाते कसे चालते ते बघतो.

दुसरी रीत जीविताशी निगडित आहे. ट्रायथलॉनच्या सायकलीला पुढे दोन दांड्या असतात. त्यांवर कोपरे टेकून वाकले की वारा कमी लागतो. त्यांना एरोबार म्हणतात. त्या स्थितीत हात ब्रेकपासून दूर असतात आणि सायकल चटकन वळवता येत नाही. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक पुढे जाते. गटातील दोन चाकांमधले अंतर मीटरभरही नसते. हात ब्रेकपर्यंत नेण्यास अर्धा सेकंद लागला, तरी तेवढ्यात चार मीटर अंतर सरलेले असते. हा हिशेब कोणत्याही कौशल्याने जुळत नाही. म्हणून गटात असताना एरोबारला हात लावू नये. अगदी पुढे असतानाही तो मोह टाळावा, कारण पुढच्याला खड्डा चुकवताना आणि हाताने खुणा करताना सायकलवर पूर्ण ताबा लागतो. अशी सायकल गटात आणू नये, असा काही गटांचा नियमच असतो. तो कळल्यावर वाद न घालता साधी सायकल घेऊन जावे.

तिसरी रीत पुढे आल्यावर पाळायची. बलवान नवख्याची नेहमीची चूक अशी, की आपली पाळी येताच तो वेग वाढवतो. त्याला वाटते, आपण अधिक काम केले. प्रत्यक्षात मागची साखळी तुटते. शेवटचे तिघे-चौघे सुटतात आणि आडोसा गेल्याने त्यांना दुप्पट दमावे लागते. बळ अधिक असेल तर पूर्वीच्याच वेगाने अधिक वेळ पुढे राहावे. गटाला तेच हवे असते. पाळी संपली की मागे पाहून, खूण करून, हळूच बाजूला सरावे आणि शेवटी जाऊन मिळावे. आपण गटाच्या मागे बसून साठ मिनिटे आडोसा घ्यायचा आणि परतीच्या शेवटच्या किलोमीटरला सर्वांना ओलांडून जायचे, हेही शोभत नाही.

चौथी रीत सरळ रेषेत चालण्याची. पुढच्याच्या मागील चाकाच्या बाजूला आपले पुढचे चाक शिरू देऊ नये. तो किंचित सरकला आणि चाके घासली, तर बहुधा मागचाच पडतो, आणि त्याच्या मागचेही पडतात. ब्रेक एकदम दाबू नये. पायडल मारणे मध्येच थांबवू नये. खड्डा, वाळू, गतिरोधक, कुत्रे किंवा उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल दिसली की हाताने दाखवावे आणि मोठ्याने सांगावे. मागच्यांनी ती सूचना आणखी मागे पोहोचवावी. कानात गाणी लावून बसणाऱ्याला ती ऐकू येत नाही, म्हणून गटात तो छंद नको. थुंकणे किंवा नाक शिंकरणे असेल तर रांगेच्या अगदी मागे जावे. जैन घरांत जयणेचे संस्कार बालपणापासून असतात. पाऊल टाकताना भूमी पाहावी, हे ज्याला शिकवले आहे, त्याला चाक टाकताना रस्ता पाहणे जड जाऊ नये; येथे केवळ आपल्यासाठी न पाहता मागच्या दहा जणांसाठीही पाहायचे असते.

पाचवी रीत थांबण्याची. नाशिकहून त्र्यंबकेश्वरापर्यंत जाऊन येणे साठ किलोमीटरांच्या आतबाहेर भरते. अंजनेरीच्या बाजूला चढ लागले की गट आपोआप विस्कळीत होतो. तेथे ज्याने त्याने आपल्या वेगाने चढावे, याला हरकत नसते; पण माथ्यावर थांबून शेवटचा येईपर्यंत वाट पाहावी. आणि तो आला की लगेच निघू नये, त्यालाही दोन श्वास घेऊ द्यावेत. ज्याला त्या दिवशी ठरावीक वेगाचा सराव करायचाच आहे, त्याने तो एकट्याने, दुसऱ्या दिवशी करावा. मध्येच सोडून जायचे असेल तर गटप्रमुखाला सांगून जावे. न सांगता गेलेल्या माणसाला शोधायला कोणीतरी पुन्हा मागे फिरते, हे विसरू नये.

पंक्चरची गोष्टही तशीच. एकाचे पंक्चर झाले की सारा गट रस्त्याच्या कडेला, वाहनांपासून सुरक्षित अंतरावर थांबतो. घड्याळाकडे बघत उभे राहण्यापेक्षा पंप पुढे करावा. स्पर्धेत पाणी देणारे स्वयंसेवक असतात आणि रिकामी पाकिटे टाकण्याच्या जागा नेमलेल्या असतात. गावच्या रस्त्यावर जेलचे चिकट पाकीट फेकले तर त्याला मुंग्या लागतात आणि मग त्या चाकांखाली येतात. ते पाकीट खिशात घालून घरी आणावे.

आता आपल्या घरांपुरती एक गोष्ट. गट पहाटे साडेपाचला निघतो. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते. हिवाळ्यात सूर्योदयच सातच्या सुमारास होतो, म्हणजे पावणेआठ वाजून जातात. सव्वादोन तास पाण्याविना सायकल चालवणारा घेरी येऊन पडला तर तो एकटा पडत नाही. म्हणून ज्याचा नियम आहे त्याने तो मोडू नये आणि लपवूही नये. त्या दिवशी जवळची, संथ फेरी निवडावी, किंवा उशिरा निघणाऱ्या गटात जावे, आणि गटप्रमुखाला आधी सांगून ठेवावे. उपवासाच्या दिवशी सायकलला विश्रांती द्यावी. उकाळलेले पाणी स्वतःच्या बाटलीत न्यावे. बाजारातील जेल आणि चघळण्याच्या गोळ्यांत मध किंवा जिलेटिन असू शकते; पाकिटावरील मजकूर वाचूनच घ्यावे. नपेक्षा खजूर, राजगिऱ्याची चिक्की सोबत असावी.

नाश्त्याच्या थांब्यावर कांदेपोहे आणि बटाटेवडे मागवले जातात. तेथे आपला डबा शांतपणे उघडावा, आणि त्यातले चार घास इतरांपुढे करावेत. दुसऱ्याच्या बशीकडे पाहून नाक मुरडणे हा नियमाचा भाग नाही. बिलाची वर्गणी मात्र त्याच दिवशी चुकती करावी. चहाचे वीस रुपये थकवणाऱ्याची पत सायकलस्वारांतही तशीच जाते, जशी ती बाजारात जाते.

गटाकडेही काही कर्तव्य येते. नवख्याच्या चुस्त पोशाखाची किंवा महागड्या सायकलीची थट्टा करू नये. चूक झाली तर चालत्या सायकलवरून ओरडण्याऐवजी थांब्यावर बाजूला घेऊन सांगावे. एकट्याने 90 किलोमीटर वारा फोडणारा मनुष्य रीत शिकला, की गटाला त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोणी नसतो. समोरून वारा येत असताना परतीच्या वाटेवर तो पुढे उभा राहिला, तर पन्नाशीतल्या काकांनाही वेळेवर घरी पोहोचता येते.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एवढे करावे. मुलाला लाखाची सायकल घेऊन देताना किती वेगाने धावते हे जसे विचारतो, तसे कोणाबरोबर जातोस आणि त्यांचे नियम काय, हेही विचारावे. परत आल्यावर किती वेळ लागला एवढेच न विचारता, सगळे सुखरूप परतले का, हा प्रश्न आधी करावा. असे रोज विचारले जाते, त्या घरचा तरुण चढाच्या माथ्यावर आपणहून थांबतो.