दंड लावा, पण आधी म्हणणे ऐका

मा. सहकार आयुक्त व निबंधक,
सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे.



पीककर्जाची सोसायटी आम्हा कुंभार पिंपळगावकरांच्या ओळखीची. आता घनसावंगी तालुक्यातली पोरे पुण्याला, संभाजीनगरला नोकरीला लागली, कर्ज काढून त्यांनी फ्लॅट घेतले, आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे कागदही आमच्या ओसरीवर येऊ लागले.

दिवाळीला आलेल्या भाच्याने मला त्याचे मेंटेनन्सचे बिल दाखवले. दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी, लिफ्ट, आणि शेवटच्या ओळीत ‘दंड 1,500’. कशाचा? दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकचा. नोटीस नाही, बोलावणे नाही. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, आणि पुढच्या बिलात आकडा चढला. रॅक हलवायलाच हवा होता. आगीच्या वेळी जिन्याकडची वाट मोकळी लागते, हे मी त्यालाही सुनावले. पण गावात शेजाऱ्याच्या पन्हाळीचे पाणी आपल्या भिंतीवर पडत असले, तरी माणूस आधी त्याला हाक मारतो.

आपल्या खात्याच्या आदर्श उपविधींत ही हाक मारण्याची सोय आहे. 2014 च्या उपविधींतला 165 क्रमांकाचा नियम काढून पाहावा. आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची, मग सभासदाचे म्हणणे ऐकायचे, आणि दंड ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने, तोही वर्षाला जास्तीत जास्त 5,000 रुपये. परस्पर बिलात रक्कम टाकण्याची मुभा सेक्रेटरीला नाही, मॅनेजरला तर नाहीच.

बिलात शिरलेला दंड साधा राहत नाही, म्हणून मी हे लिहितो आहे. तो भरला नाही की थकबाकीत धरला जातो. 2014 च्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. थकबाकीदार ठरलेल्याला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे कमिटीला प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला निवडणुकीआधी बाजूला सारायला एक रॅक पुरतो. दाद मागायची तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे, पण दीड हजारासाठी वकिलाची फी कोण भरेल? भाच्याने मुकाट्याने पैसे भरले. त्याच इमारतीत बाल्कन्या बंद करून खोल्या वाढवलेल्यांना मात्र कोणी विचारलेले नाही.

मर्यादा नसली की काय होते, तेही दिसले आहे. नेरुळच्या सीवूड्स इस्टेटमध्ये भटक्या कुत्र्यांना खाऊ घातले म्हणून दिवसाला 5,000 रुपये दंड लागत गेला आणि एका रहिवासी बाईंच्या नावावर तो आठ लाखांवर पोहोचला, अशा बातम्या 2021 च्या डिसेंबरात आल्या. ती वसाहत कंपनी म्हणून चालते, आपल्या अखत्यारीत नाही. म्हणूनच आपल्या हातात असलेल्या सोसायट्यांत तरी नियम 165 जिवंत राहायला हवा. नियम मोडणाऱ्याला सूट द्यावी असे मी म्हणत नाही. नियम सर्वांना सारखा हवा, आणि तो लावण्याआधी माणसाला समोर बसवायला हवे.

तेव्हा एक परिपत्रक काढावे. दंडाची मागणी मासिक बिलापासून वेगळी असावी, तिच्यावर सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख असावी, आणि सभासदाने काय म्हटले ते इतिवृत्तात दोन ओळींत का होईना नोंदवावे. असा ठराव नसेल तर ती रक्कम थकबाकीत धरू नये. लेखापरीक्षकाने दरवर्षी एवढे तपासावे आणि चूक आढळल्यास उपनिबंधकांनी साध्या अर्जावर पैसे परत करायला लावावेत. हे परिपत्रक प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मराठीत लावणे बंधनकारक आहे, हेही त्यातच लिहावे.



आपला,
एका सभासदाचा मामा
कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना