खातेवही मिटताना

लोणारच्या सरोवराच्या काठावर उभे राहिले, की वरून येऊन आदळलेली वस्तू काय करते ते डोळ्यांना दिसते. उल्केने बसाल्टच्या कातळात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर केले. कचेऱ्यांतले बदलही पुष्कळदा असेच वरून पडतात आणि मग खाली खड्डा का पडला, याचे वरच्यांना नवल वाटते.

बँकांमधल्या संगणकाची गोष्ट मी आतून पाहिली आहे. डॉ. सी. रंगराजन समितीचा पहिला अहवाल 1984 मध्ये आला, दुसरा 1989 मध्ये. संगणक नोकऱ्या खाणार, या भीतीने कर्मचारी संघटनांचा त्याला विरोध होता. 1993 मध्ये संघटना आणि व्यवस्थापने यांच्यात करार झाला आणि वाट मोकळी झाली. पण करारावर सह्या होतात वरच्या पातळीवर; खातेवही असते शाखेत.

लोणारच्या आमच्या शाखेत संगणक आला, तेव्हा सर्वांत मोठी कुरकुर लेजर सांभाळणाऱ्या ज्येष्ठ कारकुनांची होती. आसपासच्या खेड्यांतल्या शेकडो खातेदारांच्या सह्या त्यांना पाठ होत्या. ते एकच विचारत, "साहेब, लाइन गेली त गिऱ्हाइकाले काय सांगू?" वरिष्ठ कार्यालयाने याची नोंद 'असहकार' अशी केली. भारनियमनाच्या गावात याहून शहाणा प्रश्न कोणता?

शाखेत आम्ही तो प्रश्न मनावर घेतला. रोज संध्याकाळी सर्व खात्यांच्या शिलकीची छापील यादी काढायची आणि वीज नसली की तिच्यावरून व्यवहार करायचा, असे ठरले. ती यादी लेजरशी ताडून पाहण्याचे काम त्यांच्याकडेच दिले. काही महिने दोन्ही पद्धती बरोबरीने चालल्या. यंत्रात चुकीच्या भरलेल्या कितीतरी शिलका त्यांनीच पकडल्या. मग सहामाही आली. त्या काळी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर काढत. एकेका खात्याची ती आकडेमोड हाताने करण्यात आमच्या रात्री जात. त्या वर्षी ते काम एका संध्याकाळी उरकले आणि कुरकुर थांबली.

आयुष्यभर कमावलेले कसब एका सकाळी कवडीमोल ठरेल, ही धास्ती अशा विरोधाच्या मुळाशी असते. ती सर्वस्वी निराधार होती, असेही नाही. 2000-01 मध्ये सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन एक लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. त्यांच्याबरोबर कितीतरी गावांची ओळखही बँकांतून निघून गेली. ती कोणत्याही संगणकात भरलेली नव्हती.

आज बँक मोबाइलमध्ये आली आहे आणि कचेऱ्यांच्या दारात कृत्रिम बुद्धिमत्ता उभी आहे. पुन्हा परिपत्रके निघतील, प्रशिक्षणाचे वर्ग भरतील. बदल आणणाऱ्यांनी त्याआधी सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन बसावे. जुन्यातले काय राखायला हवे, ते बहुधा त्यालाच ठाऊक असते. वडिलांच्या हाती नवा फोन देणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे. बटणे दाखवण्यापूर्वी त्यांना काय विचारायचे आहे, ते ऐकून घ्यावे.